क्वेबेकची जाहिरातबंदी आणि मुलांच्या मनातील वस्तूंचे स्थान : एक प्रकरण अभ्यास

कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९७८ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत केला आणि त्यातील २४८ व २४९ ही कलमे एप्रिल १९८० मध्ये अमलात आली. १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास या कलमांनी मनाई केली. बंदी सर्व माध्यमांना लागू असली तरी तिचा मुख्य रोख दूरचित्रवाणीवर होता, कारण त्या काळी मुलांची आणि बाजारपेठेची गाठ बहुतांशी घरातल्या पडद्यावरच पडत असे. चार दशकांहून अधिक काळ ही बंदी टिकून आहे. टीव्ही पाहता पाहता माणसाच्या मनात भौतिकवादी मूल्ये कशी रुजतात, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्याने क्वेबेकचे प्रकरण बारकाईने पाहावे असे मला वाटते. तिथल्या कायद्याने काय साधले यासाठी तर पाहावेच, पण तो कायदा ज्या गृहीतकावर उभा आहे ते कुठे अपुरे पडते, हे समजून घेण्यासाठी अधिक पाहावे.

या विषयावरील चर्चा बहुधा एकाच अडचणीपाशी येऊन थांबते. जास्त टीव्ही पाहणारी मुले वस्तूंच्या अधिक मागे लागलेली आढळली, तरी ती टीव्हीमुळे तशी झाली, की मुळात तशी असल्यामुळे टीव्हीसमोर जाऊन बसली, की घरातल्या एखाद्या तिसऱ्याच कारणाने दोन्ही गोष्टी घडल्या, हे नुसत्या पाहणीवरून सांगता येत नाही. क्वेबेकमध्ये कायदा आणि भाषा यांच्या संयोगाने मॉन्ट्रियल या एकाच शहरातल्या मुलांचे दोन गट पडले, आणि त्यांतल्या एका गटापर्यंत जाहिराती पोहोचत राहिल्या तर दुसऱ्यापर्यंत त्या फारशा पोहोचल्या नाहीत. कोणत्याही संशोधकाला मुद्दाम घडवून आणता आली नसती अशी ही परिस्थिती होती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. वस्तू आवडणे म्हणजे भौतिकवाद नव्हे. मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांनी १९९२ मध्ये या मूल्याचे मोजमाप करण्यासाठी १८ विधानांची जी श्रेणी मांडली, तिच्यात तीन धागे वेगळे केलेले आहेत : वस्तू मिळवणे हे जगण्याच्या केंद्रस्थानी असणे, वस्तू मिळाल्या की सुख मिळेल अशी खात्री असणे, आणि स्वतःचे व इतरांचे यश कोणाकडे काय आहे यावरून जोखणे. एखाद्या मुलाला एखादे खेळणे हवेसे वाटणे यांपैकी कशातच बसत नाही. प्रश्न हा आहे की असे हवेसे वाटणे रोज, अनेक वस्तूंबाबत आणि वर्षानुवर्षे होत राहिले, तर त्यातून हे तीन धागे विणले जातात का.

कायद्यामागची भूमी

कायदा संमत झाला त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मार्व्हिन गोल्डबर्ग आणि जेराल्ड गॉर्न या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याची रचना इतकी साधी आहे की ती तपशिलाने सांगणे योग्य ठरेल. बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक छोटा कार्यक्रम दाखवण्यात आला. काहींच्या कार्यक्रमात एका खेळण्याच्या जाहिराती होत्या, काहींच्या कार्यक्रमात त्या नव्हत्या. त्यानंतर प्रत्येक मुलाला दोन मुलग्यांची छायाचित्रे दाखवून विचारण्यात आले की यांच्यापैकी कोणाबरोबर खेळायला आवडेल. एक मुलगा चांगला होता, पण त्याच्याकडे ते खेळणे नव्हते; दुसरा तितकासा चांगला नव्हता, पण त्याच्या हातात ते खेळणे होते. ज्यांनी जाहिरात पाहिली नव्हती त्यांचा कल चांगल्या मुलाकडे होता. ज्यांनी ती पाहिली होती त्यांच्यात खेळणेवाल्या मुलाची निवड करणारे स्पष्टपणे अधिक निघाले. वाळूत सवंगड्यांबरोबर खेळायचे की त्या खेळण्याशी एकट्याने खेळायचे, या प्रश्नावरही असाच फरक दिसला. वडिलांनी खेळणे घेऊन द्यायला नकार दिला तर एका चित्रातल्या मुलाला वडिलांबरोबर खेळावेसे वाटेल का, या प्रश्नाला जाहिरात पाहिलेल्या मुलांकडून ‘हो’ असे उत्तर कमी वेळा आले.

जाहिरातीत मित्राविषयी वा वडिलांविषयी काहीही म्हटलेले नव्हते. तिने फक्त एका खेळण्याचे गुणगान केले होते. तरीही मुलाने माणूस आणि वस्तू यांची तुलना करताना वस्तूच्या पारड्यात थोडे अधिक वजन टाकले. हा परिणाम अल्पकाळचा होता आणि एका प्रयोगावरून मूल्य बदलले असे म्हणता येत नाही, हे मान्यच आहे. पण भौतिकवादी मूल्य ज्या प्रकारच्या निवडींतून बनते, नेमकी तीच निवड इथे आपल्याला घडताना दिसते. संशोधकांनी या परिणामांना अनपेक्षित म्हटले होते, आणि ते बरोबरच आहे, कारण जाहिरातदाराला खेळणे विकायचे होते, मैत्री मोडायची नव्हती.

क्वेबेकच्या कायद्याने मात्र हा धागा थेट हाती घेतला नाही. कलम २४९ मध्ये एखादी जाहिरात मुलांना उद्देशून आहे की नाही हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत : जाहिरात केलेली वस्तू कोणत्या प्रकारची व कशासाठी आहे, ती कशा पद्धतीने सादर केली आहे, आणि ती कोणत्या वेळी व कुठे दाखवली आहे. म्हणजे खेळण्याची जाहिरातच करता येणार नाही असे नव्हे. मोठ्यांच्या कार्यक्रमात, मोठ्यांना पटेल अशा रीतीने ती करता येते. बंदी आहे ती मुलाला गाठून, त्याच्याच भाषेत, त्याच्या वेळेला त्याच्याशी बोलण्यावर. कायद्याची चौकट अशी व्यवहारी आहे, आणि ती टिकण्याचे एक कारण हेही असावे.

न्यायालयात काय ठरले

खेळणी बनवणाऱ्या आयर्विन टॉय या कंपनीने या कलमांना आव्हान दिले. क्वेबेकच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला, आणि प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तिथे २७ एप्रिल १९८९ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने बंदी कायम राहिली. सरन्यायाधीश ब्रायन डिक्सन यांच्यासह तिघा न्यायमूर्तींनी असे मानले की व्यापारी जाहिरात हीदेखील अभिव्यक्ती आहे, तिला १९८२ च्या हक्क व स्वातंत्र्यांच्या सनदेचे संरक्षण आहे, आणि म्हणून ही बंदी म्हणजे त्या स्वातंत्र्यावर घातलेली मर्यादाच आहे. परंतु मुक्त आणि लोकशाही समाजात समर्थनीय ठरावी अशी ती मर्यादा आहे.

हे समर्थन कशावर आधारले होते, हे इथे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेने १९७८ मध्ये लहान मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर निर्बंध आणण्याचा विचार सुरू केला होता आणि १९८१ मध्ये तो सोडून दिला. मात्र त्या प्रक्रियेत त्याच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या अहवालात असा निष्कर्ष होता की अगदी लहान मुलांना कार्यक्रम आणि जाहिरात यांतला फरक उमगत नाही आणि जाहिरातीमागचा विक्रीचा हेतू कळत नाही. बहुमताने या अहवालाचा आधार घेतला. ज्याला आपले मन वळवले जात आहे हेच कळत नाही, त्याचे मन वळवणे ही मुळातच दिशाभूल आहे, असा त्याचा मथितार्थ होता. अहवालातील मुले १३ पेक्षा बरीच लहान होती, तरी सर्वांत असुरक्षित गटापुरतेच संरक्षण मर्यादित ठेवण्याचे बंधन विधिमंडळावर नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

न्यायमूर्ती विल्यम मॅकिन्टायर यांनी दिलेल्या विरोधी मताशी न्यायमूर्ती ज्याँ बीट्झ सहमत होते. जाहिरातींमुळे मुलांच्या हिताला धोका पोहोचतो असे दाखवणारा पुरावा आपल्यापुढे नाही, आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर इतक्या सहज बंधन घालू नये, असा त्यांचा आक्षेप होता. हे मत वाचताना ते टाळून पुढे जाता येत नाही. मुलाला जाहिरात कळत नाही, एवढ्यावरून तिने त्याचे नुकसान होते असे सिद्ध होत नाही. न कळलेली गोष्ट निरुपद्रवीही असू शकते. नुकसान झाले तर ते नेमके कोणते, याचे उत्तर बहुमताच्या निकालात पुरेसे नाही. माझ्या मते ते उत्तर मुलाच्या समजुतीच्या कमतरतेत शोधायचे नसून त्याच्या मूल्यांच्या घडणीत शोधायचे आहे, आणि ते शोधण्यासाठी लागणारे संशोधन बहुतांशी या निकालानंतर झाले.

एकाच शहरातली दोन प्रकारची मुले

मॉन्ट्रियल अमेरिकेच्या सीमेपासून फार दूर नाही. क्वेबेकचा कायदा क्वेबेकमधील प्रसारकांना लागू होता. न्यू यॉर्क आणि व्हरमाँट या शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या अमेरिकी वाहिन्यांना तो लागू होऊ शकत नव्हता. त्या वाहिन्यांवर मुलांचे कार्यक्रम आणि त्यांच्यातल्या जाहिराती पूर्वीसारख्याच चालू होत्या. शहरातली इंग्रजी बोलणारी मुले त्या वाहिन्या पाहत. फ्रेंच बोलणारी मुले त्या बऱ्याच कमी पाहत, कारण त्यांचे कार्यक्रम फ्रेंचमध्ये होते आणि फ्रेंच वाहिन्यांवर बंदी लागू होती.

गोल्डबर्ग यांनी हीच फट ओळखली आणि १९९० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बाजारातली अधिक खेळणी ओळखता आली, आणि मुलांना डोळ्यांपुढे ठेवून विकल्या जाणाऱ्या गोड न्याहारीच्या तृणधान्यांची अधिक पाकिटे त्यांच्या घरी होती. मूल काय ओळखते यावरून त्याच्या इच्छांचा आवाका कळतो. घरात काय येते यावरून त्या इच्छेचे आईवडिलांवर किती वजन पडले हे कळते. दोन्ही ठिकाणी फरक दिसला. पुढे २०११ मध्ये तीर्थ धर आणि कॅथी बेलिस यांनी १९८४ ते १९९२ या काळातील कौटुंबिक खर्चाच्या आकडेवारीवरून फास्ट फूडच्या खरेदीकडे पाहिले, तेव्हा बंदीचा परिणाम ज्यांच्यावर व्हायला हवा अशा कुटुंबांत ती खरेदी होण्याची शक्यता आठवड्यामागे सुमारे १३ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज निघाला.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. फ्रेंच आणि इंग्रजी घरांतल्या सवयी केवळ वाहिन्यांमुळे वेगळ्या नसतात, आणि भाषेबरोबर येणारे इतर फरक पूर्णपणे बाजूला काढता येतात असे कोणी म्हणणार नाही. शिवाय हे सगळे मोजमाप वस्तूंचे आहे. मुलांनी किती खेळणी ओळखली हे मोजले गेले. यश आणि सुख यांविषयी ती काय मानतात हे कोणी विचारले नाही. म्हणून क्वेबेकने सिद्ध केले ते एवढेच की जाहिरातीपासून इच्छेपर्यंत जाणारी वाट कायद्याने अरुंद करता येते. मूल्याची गोष्ट त्यापुढची आहे.

इच्छेपासून मूल्यापर्यंत

ती गोष्ट पाहायला नेदरलँड्समध्ये जावे लागते. सुझाना ओप्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या ४६६ मुलांची १२ महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहणी केली. दोनदा पाहिल्यामुळे आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे वेगळे करता आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पहिल्या वेळी अधिक जाहिराती पाहणारी मुले वर्षभरानंतर अधिक भौतिकवादी झालेली आढळली, आणि हा परिणाम जाहिरात केलेल्या वस्तूंविषयीच्या इच्छेमार्फत झाला होता. जाहिरात थेट मूल्य शिकवत नाही. ती एकामागून एक वस्तू हवीशी करते, आणि सतत काहीतरी हवे असण्याची सवय हळूहळू ‘असणे म्हणजेच सर्व काही’ या समजुतीत मुरते.

हे लक्षात घेतले की क्वेबेकच्या पुराव्याला नवा अर्थ येतो. वरवर पाहता खेळणी ओळखणे ही क्षुल्लक बाब आहे, पण मूल्याकडे जाणारा रस्ता इच्छेतूनच जात असेल, तर इच्छा कमी करणे म्हणजे त्या रस्त्याच्या पहिल्याच टप्प्यावर अडसर घालणे होय. मॅकिन्टायर यांनी विचारलेल्या प्रश्नाला, नुकसान कुठे आहे या प्रश्नाला, निकालानंतर पंचवीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे असे मी मानतो.

त्याच मुलांच्या पाहणीवरून २०१२ मध्ये आलेला आणखी एक निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. भौतिकवादी मुले पुढे असमाधानी होतात, असा सर्वसाधारण समज असतो. या पाहणीत उलट दिशा दिसली : जी मुले आधीच आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी होती ती पुढे अधिक भौतिकवादी झाली, आणि तेही वारंवार जाहिराती पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीतच. जी असमाधानी मुले जाहिरातींच्या फारशी संपर्कात नव्हती, त्यांच्यात हा बदल आढळला नाही. म्हणजे दुःखी मूल उपाय शोधत असते, आणि पडदा त्याला एक उपाय सतत सुचवत असतो. ज्याला सुचवले जात नाही ते मूल दुसरीकडे वळते. जाहिरातीचा भार सर्व मुलांवर सारखा पडत नाही. ज्यांना तो पेलणे सर्वांत कठीण, त्यांच्यावरच तो अधिक पडतो, आणि माझ्या दृष्टीने हा या साऱ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग आहे.

समज ही ढाल नव्हे

आता कायद्याच्या गृहीतकाकडे परत यायला हवे. मुलाला जाहिरातीचा हेतू कळत नाही म्हणून त्याचे संरक्षण करायचे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यातून आपोआप असा अर्थ निघतो की हेतू कळू लागला की संरक्षणाची गरज संपते. शाळांत जाहिरात ओळखायला शिकवणारे धडे याच विश्वासावर आधारलेले असतात.

दूरचित्रवाणी आणि मूल्ये यांवरील संशोधन या विश्वासाला दुजोरा देत नाही. जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असा विचार मांडायला सुरुवात केली की टीव्हीचा परिणाम एखाद्या कार्यक्रमात नसून वर्षानुवर्षांच्या पाहण्यात आहे, आणि जास्त पाहणाऱ्यांची जगाविषयीची कल्पना पडद्यावरच्या जगाकडे झुकते. थॉमस ओ’ग्विन आणि एल. जे. श्रम यांनी १९९७ मध्ये दाखवले की जास्त टीव्ही पाहणारे लोक श्रीमंती राहणीशी जोडलेल्या वस्तू व सोयी प्रत्यक्षात किती घरांत आहेत याचा अंदाज फुगवून सांगतात. विचारल्यावर माणूस स्मरणात चटकन येणाऱ्या उदाहरणांवरून अंदाज बांधतो, आणि ती उदाहरणे पडद्यावरची असतात. अशा अंदाजांच्या बाबतीत थोडे थांबून, विचारपूर्वक उत्तर दिले तर टीव्हीचा प्रभाव कमी होतो.

मूल्यांच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. श्रम, जेम्स बरोज आणि एरिक रिंडफ्लाइश यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टीव्ही पाहणे आणि भौतिकवाद यांचा संबंध त्यांच्यात अधिक बळकट आढळला, जे लक्ष देऊन पाहतात आणि ज्यांना मुळात विचार करण्याची आवड आहे. याचे स्पष्टीकरण असे की मूल्य विचारल्यावर तयार होत नाही. ते पाहत असतानाच, कथेत गुंतलेल्या मनात, घडत असते. २०११ मध्ये याच गटाने केलेल्या प्रयोगात संपत्तीचे दर्शन घडवणारा चित्रपटाचा उतारा पाहिल्यानंतर जे प्रेक्षक त्यात अधिक रंगून गेले, त्यांच्यात भौतिकवादाकडे अधिक कल दिसला. चौकस, मन लावून पाहणारा प्रेक्षक सुरक्षित असतो ही आपली समजूत निदान इथे तरी टिकत नाही. कथेचा नायक मोठ्या घरात राहतो, त्याच्या दाराशी नवी मोटार असते, आणि त्याच्या सुखदुःखात समरस होताना त्या घराची नि मोटारीची सुखाशी घातलेली सांगडही आपण मुकाट स्वीकारतो. तिथे ओळखण्यासारखा विक्रीचा हेतू नसतोच, त्यामुळे तो ओळखण्याचे शिक्षण उपयोगी पडत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा. लॅन चॅप्लिन आणि डेबोरा रोडर जॉन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना ‘मला कशाने आनंद होतो’ या विषयावर चित्रे आणि शब्द निवडून एक चिकटचित्र बनवायला सांगितले. निवडीत माणसे होती, छंद होते, खेळ होते, मिळवलेले यश होते आणि वस्तूही होत्या. वस्तूंचा वाटा ८-९ वर्षांच्या मुलांपेक्षा १२-१३ वर्षांच्या मुलांत वाढलेला होता आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलांत पुन्हा कमी झालेला होता. आत्मसन्मानाचा आलेख याच्या उलट होता : १२-१३ च्या सुमारास तो खाली गेलेला आणि नंतर वर आलेला. या वयाच्या मुलांना सोबत्यांनी त्यांच्याविषयी सांगितलेल्या चांगल्या गोष्टी कळवल्या, तेव्हा त्यांची वस्तूंकडची ओढ घटली.

क्वेबेकचे संरक्षण तेराव्या वाढदिवशी संपते. वस्तूंची ओढ ज्या वयात सर्वाधिक आणि स्वतःविषयीचा विश्वास सर्वांत कमी असतो, नेमक्या त्याच उंबरठ्यावर कायदा हात काढून घेतो. हेतू समजण्याचा निकष लावला तर १३ ही मर्यादा उदार आहे, आणि न्यायालयातही ती तशीच मानली गेली. मूल्ये घडण्याचा निकष लावला तर ती अपुरी आहे. एकाच आकड्याविषयी दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात, ते निकष बदलल्यामुळे.

कायद्याबाहेर उरलेले

जाहिरात हा टीव्हीचा एक भाग आहे. कार्यक्रम हा दुसरा आणि मोठा. क्वेबेकच्या कायद्याने पहिल्याला हात घातला आणि दुसऱ्याला घातला नाही, आणि तो घालूही नये असे माझे ठाम मत आहे. कथेत श्रीमंत घर दाखवू नका असे सांगणारी सत्ता उद्या गरीब घर दाखवू नका असेही सांगू शकेल. मॅकिन्टायर यांची अभिव्यक्तीविषयीची काळजी जाहिरातीच्या बाबतीत मला कमी पटते, कथेच्या बाबतीत पूर्ण पटते. दुसरा आक्षेप अर्थकारणाचा आहे. जाहिरातीचे उत्पन्न नसेल तर खासगी वाहिन्यांना मुलांसाठी कार्यक्रम बनवण्यात रस उरत नाही, आणि मग तो भार सार्वजनिक प्रसारकांवर पडतो. हा आक्षेप खरा आहे; त्याचे उत्तर सार्वजनिक पैशाने द्यावे लागते, आणि बंदीचा विचार करणाऱ्याने हा खर्च आधीच हिशेबात धरला पाहिजे.

कार्यक्रमाच्या बाबतीत उरतो तो घराचा आणि शाळेचा मार्ग, म्हणजे पाहण्याचे प्रमाणच कमी करणे. थॉमस रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील दोन प्राथमिक शाळांत असा प्रयोग केला आणि २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिने टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम यांचा वेळ कमी करण्याचे धडे देण्यात आले. शेवटी त्या मुलांनी आदल्या आठवड्यात खेळणे मागितल्याचे सांगण्याची शक्यता दुसऱ्या शाळेतील मुलांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होती. आईवडिलांच्या सांगण्यात मात्र दोन शाळांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जाहिरातीचा हेतू समजावून देण्यापेक्षा पडद्यापुढचा वेळ घटवण्यावर इथे भर होता, आणि वरच्या विवेचनाशी ते सुसंगत आहे.

आज मुले वाहिन्यांपेक्षा मोबाइलवर अधिक पाहतात, तिथे जाहिरात आणि कार्यक्रम यांची सीमाच पुसट झालेली असते, आणि परदेशातून येणारे चित्र अडवणे त्या काळच्या सीमेपलीकडच्या वाहिन्यांपेक्षाही कठीण झाले आहे. क्वेबेकच्या कलमांची भाषा सर्व माध्यमांना लागू पडेल अशी असल्याने ती कालबाह्य झालेली नाही, परंतु मॉन्ट्रियलच्या इंग्रजी घरांत जी फट होती ती आता प्रत्येक घरात आहे.

या प्रकरणातून पुढच्या एखाद्या विधिमंडळाने काही घ्यायचे असेल, तर ते मोजमापाच्या बाबतीत घ्यावे. क्वेबेकमध्ये कायदा लागू होण्यापूर्वी मुलांना सुख आणि यश यांविषयी विचारून ठेवले असते, आणि लागू झाल्यावर पाच-दहा वर्षांनी त्याच वयाच्या नव्या मुलांना तेच पुन्हा विचारले असते, तर आज मूल्यांविषयीचा पुरावा दुसऱ्या देशातून आणून जोडावा लागला नसता. असे प्रश्न लहान मुलांना विचारण्याची साधने तेव्हा फारशी नव्हती. आता आहेत, आणि चॅप्लिन व जॉन यांच्या चिकटचित्रासारखे साधन तर आठ वर्षांच्या मुलालाही सहज हाताळता येते. कायद्याचा मसुदा तयार होत असतानाच ही पहिली पाहणी हाती घ्यायला हवी, आणि ती १३ वर देखील थांबू नये. निदान १६ वर्षांपर्यंतच्या मुलांचा तिच्यात समावेश असावा.